धुरपतामायचा जावई

ज्वारी खळ्यावर गेली की धुरपतामाय आमच्या ओट्यावर येऊन बसायची आणि संपलेल्या हंगामाचा निकाल सांगायची. हंगाम म्हणजे ज्वारीचा नव्हे, कावळ्यांचा. पाय पसरायचे, गोफण मांडीवर घ्यायची, तंबाखूची चिमूट ओठाखाली दाबायची आणि कापसाचा भाव पडल्याचं व्यापाऱ्यानं सांगावं तशा आवाजात सुरू करायचं, "यंदा काई खरं नव्हतं, गुरजी. आले, पण दम नव्हता. एकानं बी नीट भांडण केलं नाही."

मी शाळामास्तर. निकाल लावायची सवय मला, पण या बाईचा निकाल नेहमीच माझ्यापेक्षा कडक. तिच्या मते चांगला हंगाम एकदाच होऊन गेला, तिच्या तरुणपणी. त्यानंतर सगळे नापास.

आदिलाबादकडच्या तामसीच्या शिवारातलं आमचं गाव. इथं पौष-माघात ज्वारी दुधात येते, मक्याचं कणीस भरतं आणि कावळे उतरतात. पोपट-चिमण्या ओरडल्यावर उडतात. कावळा उडत नाही, विचार करतो. पहिला दगड चुकला की दुसऱ्या दगडाची वाट बघत तिथंच बसतो. म्हणून गावानं धुरपतामायला ठेवलं होतं. प्रत्येक वावरवाल्यानं तिला सूपभर ज्वारी द्यायची आणि तिनं शिवार राखायचं, असा रिवाज. ती नुसतं राखत नसे. मारायची. मारलेला कावळा काठीला उलटा टांगायची, पंख लोंबते ठेवून. मग त्या वावराकडे बाकीचे कावळे काही दिवस फिरकत नसत. शाळेत जाताना मला वाटेवर असे दोन-चार टांगलेले दिसायचेच. वारा आला की ते हलायचे, आणि आमच्या शाळेत नव्यानं आलेल्या, निर्मल गावच्या बाई डोळ्यांवर पदर घेऊन पुढं जायच्या.

गोफणीनं मरतील तेवढे थोडेच. तिची खरी करामत जावयाची होती.

जावई म्हणजे एक जिवंत कावळा. पहिल्याच पंधरवड्यात फासा लावून ती एक दांडगा नर धरायची. वावरात दोन खुंट्या ठोकायच्या आणि त्या कावळ्याला पाठीवर उताणा निजवून त्याचे दोन्ही पंख खुंट्यांना बांधायची. पाय मोकळे. मग तो जो काही आरडाओरडा करी, त्यानं सगळ्या शिवारातले कावळे गोळा होत. वर घिरट्या, कालवा, शिव्याशाप. त्यातला एखादा तावातावानं खाली उतरून त्याच्या छातीवरच बसे. आणि उताणा कावळा त्याला खालून दोन्ही पंजांनी धरी. जो हाती लागेल त्याला. घट्ट. आपण बांधलेले आहोत याचा सगळा राग त्या पंजात. मग धुऱ्याच्या बांधाआडून धुरपतामाय पळत यायची आणि आलेल्या पाहुण्याची मान मोडायची. मान मोडताना आवाज येतो. ओल्या काटकीचा येतो तसा.

"याले जावई काऊन म्हणतं, माय?" मी एकदा विचारलं.

"मंग काय म्हणू? बसल्या जागी खाते, उताना पडून राह्यते, अन् घरात येईल त्याचा जीव घेते."

तिला लेक नव्हती. लेकही नव्हता. पण जावयाचे लाड होते. भाकरीचा मऊ भाग दुधात कुस्करून, तुरीच्या वरणात कालवून, ती त्याला स्वतःच्या बोटानं भरवायची आणि तो तिचं बोट फोडायचा. "चाव," ती म्हणायची, "चाव लेका, पण धर तं सोडू नोको." तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर नखाएवढी जागा कोरी नव्हती.

डावा हात वाकडा होता, कोपरातून बाहेर वळलेला. तो किसनरावानं मोडला होता. किसनराव म्हणजे तिचा थोरला दीर, भासरा. तिचा नवरा गेला तेव्हा ती विशीतही नसावी. नाल्याकाठची काळी जमीन तिच्या नवऱ्याच्या वाट्याची, गावाला ठाऊक असलेली. दिवसकार्य उरकल्यावर ती तिथं पेरायला गेली तर किसनराव तिफण घेऊन आधीच उभा. ती धुऱ्यावर आडवी पडली. त्यानं तिफणीचं लाकडी रुमणं उचललं आणि तिच्या हातावर घातलं. हाड बाहेर आलं होतं म्हणतात. गावानं पाहिलं, आणि गाव घरी जाऊन जेवलं. हे शेवटचं वाक्य तिचं. ती ते कुठल्याही रागाशिवाय म्हणायची, म्हणून मला जास्त लागायचं.

गेलेल्या जमिनीवर तिनं कधी कोर्टकचेरी केली नाही. तिनं दुसरंच केलं. कावळ्याची बोली तिला हुबेहूब येत होती आणि त्यातले दोन आवाज ती कामाला लावायची. एक भीतीचा, घोगरा, तुटक. तो काढला की वावरातले कावळे एका दमात उठत. दुसरा लांब, मऊ, शेवटी जरा वर जाणारा. "हा भाकरीचा," ती सांगायची. "एका कावळ्याले भाकर दिसली की तो बाकीच्यायले असा बोलवते. एकटा खात नाही तो. मानसापेक्षा बरा हाये त्या बाबतीत."

तर ती सगळ्या गावाच्या वावरांत भीतीचा आवाज काढायची आणि मग नाल्याकाठी जाऊन, किसनरावाच्या मक्याच्या कडेला उभी राहून, भाकरीचा. शिवारातले सगळे कावळे तिथं. दरवर्षी. किसनरावाचा मका म्हणजे सोललेल्या कणसांचं स्मशान. त्याच्या मुलानं, सुदामनं, बुजगावणी लावली, फटाके लावले, चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या. भाकरीच्या आवाजापुढं फटाक्याचं काय चालणार? गावाला हे माहीत होतं आणि गाव मिशीत हसत होतं. जमीन जाताना गप्प बसलेलं गाव कणसं जाताना हसलं, एवढाच काय तो तिला मिळालेला न्याय.

तिची माया मी पाहिली आहे, पण ती मायाही मारामारीसारखीच असायची. एका सकाळी तिची शेळी व्यायला झाली होती. पिल्लाचं तोंड बाहेर आलं, बाकीचं अंग अजून आत, आणि ही पाणी आणायला वळली तेवढ्यात कावळ्यानं पिल्लाचे दोन्ही डोळे काढले. आमच्या मागच्या दारातून मी तिची किंकाळी ऐकली. जाऊन पाहतो तो तिनं गोफण मारून कावळा पाडला होता आणि दाराच्या दगडावर त्याला आपटत होती. मेला होता तरी आपटत होती. दगड लाल झाला, तिचं लुगडं लाल झालं, हातात पंखाशिवाय काही उरलं नाही, तरी थांबेना. माझ्या बायकोनं मागून तिला धरलं तेव्हा ती खाली बसली आणि पिल्लाला पदरात घेऊन त्याचं डोळे गेलेलं तोंड चाटूनपुसून साफ केलं. ते आंधळं पिल्लू तिनं जगवलं. त्याला हाक मारून शिवारात नेई, खड्डा आला की शिव्या देऊन थांबवी. आणि त्या दिवसापासून जावयाच्या खुंट्या तिनं दुप्पट घट्ट ठोकल्या.

मला ती बाई आवडायची. भीतीही वाटायची. दोन्ही एकाच वेळी, आणि अजून त्यातलं एकही कमी झालेलं नाही.

तर माझा त्या गावातला शेवटचा हंगाम. पौष लागला, मका भरला, धुरपतामायनं जावई धरला. पहिले काही दिवस नेहमीसारखे गेले. मग एका सकाळी शाळेच्या मागच्या चिंचेखाली पोरं गोळा झालेली दिसली. खाली कावळे पडले होते. काही मेलेले, काही मान वाकडी करून गोल गोल फिरणारे, चोचीतून फेस येणारे. वरून आणखी पडत होते. पिकलेली चिंच पडावी तसे, अधूनमधून, थप्प करून. मी पोरांना वर्गात कोंडलं.

धुरपतामाय आली. तिनं एक उचलला, उलटापालटा केला. दगडाची खूण नाही, फाशाची नाही. "कोनं मारले हे?" ती मला विचारत होती. तिच्या आवाजात तेव्हा फक्त चीड होती, दुसऱ्या कुणीतरी आपल्या शिवारात शिकार केल्याची. तिनं सवयीनं त्यातले काही नेले आणि काठ्यांना उलटे टांगले. तिचा कुत्रा लाल्या, म्हातारा झालेला, तिच्या मागेमागे होता. एक कावळा खाली लोंबत होता तो त्यानं ओढून खाल्ला. दुपारी लाल्या ओसरीवर पाय झाडत होता. तिनं त्याच्या तोंडात ताक ओतलं, बोट घालून ओकवायला पाहिलं, शिव्या दिल्या, छातीशी धरला. तो तिच्या मांडीवर मेला, तोंडाला तोच फेस.

तेव्हा तिला कळलं की हे विष आहे, आणि नाल्याकाठी जाऊन पाहिल्यावर कुणाचं तेही कळलं. सुदामनं बोकडाची आतडी आणून, त्यात कपाशीवर फवारायचं औषध कालवून धुऱ्यावर पसरली होती. कावळ्यांनी एकमेकांना बोलावून खाल्ली.

ती गोफण घेऊन निघाली. मी मागं गेलो, माझ्या मागं अर्धं गाव. सुदाम अंगणात फटफटी पुसत होता. तिनं हाक मारली नाही, शिवी दिली नाही. गोफण डोक्यावर एकदा फिरली आणि दगड त्याच्या जबड्यावर बसला. दात जमिनीवर पडलेले मला दिसले. मग ती बोलली.

"मारायचं तं समोर येऊन मार, हिजड्या! डोळ्यात पाहून मार! भाकर दाखवून मारतं व्हय?"

सुदामचे दोघे गडी तिच्यावर धावले. एकानं केस धरले, दुसऱ्यानं काठी घातली. ती खाली पडली आणि पडल्या पडल्या एकाच्या पोटरीला चावली. काठी पाठीवर, खांद्यावर, पायावर. आम्ही ओरडत होतो, पण मध्ये कुणी पडेना. मीही पडलो नाही. मग ओसरीवरच्या खाटेवरून किसनरावाचा आवाज आला. त्याला तेव्हा उठताही येत नव्हतं, छातीचं दुखणं लागलं होतं.

"मारू नोका रे तिले. एक हात आधीच मोडेल हाये."

गडी थांबले. धुरपतामायनं रक्त थुंकलं आणि खाटेकडे पाहून हसली. "बरी याद ठेवली, भासरे," ती म्हणाली.

त्यानंतर शिवारात कावळा दिसला नाही. ज्वारी दुधात आली, टपोरी झाली, वाळली. धुरपतामाय अंगाला हळद-तेल चोपडून लंगडत रोज जावयाला वावरात नेई, उताणा बांधी. तो ओरडे. वर रिकामं आभाळ. दिवसभर ओरडून ओरडून त्याचा आवाज बसे, मग ती त्याला सोडून पदराखाली घरी आणी. वावरवाले म्हणू लागले, कावळेच नाहीत तर सूप कशाचं? तिनं मागितलंही नाही. ज्वारी खळ्यावर गेल्यावर ती आमच्या ओट्यावर आली, पाय पसरले, पण निकाल सांगेना. बायकोनं चहा दिला. तो गार झाल्यावर म्हणाली, "एवढे जीव घेतले म्या, गुरजी, पण शिवार कदी मुकं नाही केलं."

होळीच्या आधी किसनराव गेला.

आम्ही बौद्ध. आमच्या घरी पिंड नाही आणि कावळ्याची वाट पाहणंही नाही. पण दहाव्याला नाल्यावर सगळं गाव जातं, शेजारधर्म म्हणून मीही गेलो. सुदामनं डोकं केलेलं, ओठ आत गेलेले, बोलताना शब्द निसटत. पळसाच्या पानावर भाताचा पिंड ठेवला आणि सगळे मागं सरून हात जोडून उभे राहिले. कावळा यायचा, शिवायचा, मग म्हातारा सुटायचा. ऊन चढलं. बायाबाप्ये बोलू लागले. "लेकरं सांभाळू." "मायले अंतर देनार नाही." "गोऱ्हा इकनार नाही." भातावर मुंग्या चढल्या. आभाळात घारसुद्धा नव्हती. कुणी तोंडानं म्हणत नव्हतं, पण ते आभाळ कुणी रिकामं केलं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

क्रिया चालवणारे बाबा म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात आहे. किसनरावाची बायको सरूबाई उसळली. "गवताचा कावळा नोको! जितेपनी त्यायनं खऱ्या कावळ्यायले मका चारला!" हे ऐकून इतक्या दुःखातही दोघंतिघं खाली मान घालून हसले. मग हळूहळू सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला वळले. गावात एक कावळा होता.

सुदाम स्वतः गेला. ओल्या धोतरानं तिच्या दारात उभा राहिला.

"काकू, तुमचा कावळा पायजे."

"माह्याजवळ कावळा नाही. जावई हाये."

"बाबा अडकून हायेत, काकू."

"अडकू दे. मी बी जलमभर अडकूनच हावो."

तो तिथंच उंबऱ्यावर बसला, डोकं दोन्ही हातांत धरून. ती बराच वेळ त्याच्या तासलेल्या डोक्याकडे पाहत होती. मग जावयाला वाकड्या हाताच्या बेचक्यात घेऊन निघाली.

नाल्यावर लोकांनी तिला वाट दिली. तिनं दोऱ्या सोडल्या आणि कावळा पिंडाजवळ ठेवला. आता तो मोकळा होता. कावळ्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि पाठीवर उताणा झाला. पंख पसरले, पाय वर केले आणि वाट पाहत पडून राहिला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

पुन्हा लेकरं सांभाळली, पुन्हा गोऱ्हा राखला. कावळा हलेना. एक म्हातारा सुदामजवळ सरकला. "पोरा, जे राह्यलं हाये थे बोल. सगळ्यायले माहीत हाये." धुरपतामाय दुसरीकडे बघत होती. सुदामनं तिच्याकडे नाही, भाताकडे पाहून मोठ्यानं सांगितलं, "नाल्याकाठचं वावर काकूचं. पेरनीले मी तिथं पाय ठेवनार नाही. सबन गावासमोर सांगतो."

एवढ्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारलं होतं. आणि कावळा तसाच उताणा.

सुदामचा धीर सुटला. तो पुढं झाला आणि कावळ्याला सरळ करायला त्यानं हात घातला. जावयानं हात धरला. दोन्ही पंजे तळव्यात रुतले. सुदाम किंचाळला, हात झटकू लागला. रक्त भातावर उडालं. कावळा सुटेना. त्यानं हात दगडावर आपटला, पुन्हा आपटला. कावळ्याचा एक पंख मोडला, तरी पंजे तसेच. बाया ओरडत होत्या, कुणीतरी काठी उचलली.

"थांबा," धुरपतामाय म्हणाली. "जिता असेपर्यंत सोडत नाही तो. म्याच शिकवलं त्याले."

ती जवळ गेली. खाली बसली. जावयाचं डोकं तिनं बोटानं एकदा कुरवाळलं, त्यानं तिचं बोट फोडलं नाही. मग तिनं मान मोडली. ओल्या काटकीचा आवाज. पंजे एकेक करून उघडले. तिनं तो मेलेला कावळा उचलला, पिंडाशी नेला आणि त्याची चोच भातात टेकवली. एक शीत चोचीला चिकटून वर आलं.

"शिवला," ती म्हणाली. "जाय आता, भासरे."

मग क्रियेचे बाबा घाईघाईनं म्हणाले, "शिवला, शिवला," आणि सरूबाईनं हंबरडा फोडला.

उन्हाळ्यात माझी बदली बोथ गावी झाली. सुदामनं शब्द पाळल्याचं कानावर आलं. गावासमोर आणि बापाच्या पिंडासमोर दिलेला शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. पुढच्या माघात मी राहिलेलं सामान न्यायला गावी गेलो आणि परतताना आदिलाबादच्या बसमध्ये बसलो. नाल्याजवळ शेळ्यांचा कळप आडवा आला आणि बस थांबली. खिडकीतून काळी जमीन दिसली, तिच्यात माणूसभर उंच ज्वारी, कणसं दुधानं टचटचलेली. धुऱ्यावर धुरपतामाय. गोफण खांद्यावर होती, पण तिच्यात दगड नव्हता.

"माय! कसा हाये हंगाम?" मी ओरडलो.

तिनं डोळ्यांवर हात धरला, ओळखलं. "कायचा हंगाम, गुरजी! एक बी आला नाही!"

तिच्या पायाशी पळसाच्या पानावर भाकरीचे तुकडे होते, दुधात कुस्करलेले. वाळून कडक झालेले.

बस सुटली. मी मागं वळून पाहत राहिलो. ती आपल्या ज्वारीच्या कडेला उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी नेले, एक सरळ, एक वाकडा, आणि आभाळाकडे तोंड करून ओरडली. लांब, मऊ, शेवटी जरा वर जाणारा आवाज. भाकरीचा.